ही बाजू वर

आमच्या घरात दुपारची जेवणं झाली की सगळे आडवे होतात. नवरा दिवाणावर, मुलगा जिथे असेल तिथे, आणि मी रविवारची पुरवणी तोंडावर घेऊन, वाचता वाचता डोळा लागला असं म्हणता यावं इतक्या बेतानं. आडवे न होणारे घरात दोघेच होते. एक, बैठ्या कपाटावर दोन पायांवर उभा असलेला 55 इंची टीव्ही. आणि दुसरे, त्याच्यासमोर वेताच्या खुर्चीत बसलेले माझे वडील. अण्णा झोपत नसत, असं त्यांचं म्हणणं. डोळे मिटलेले, हनुवटी छातीवर, रिमोट मांडीवर पालथा, अशा अवस्थेत ते टीव्ही ‘बघत’. चर्चेतले सहाही जण एकदम ओरडत असले की अण्णा गाभाऱ्यातल्यासारखे शांत. कुणी दया येऊन आवाज बंद केला की लगेच डोळे उघडून म्हणत, ‘‘बघतोय मी.’’ आई गेल्यावर ते मिरजेहून आमच्याकडे कोथरूडला आले तेव्हापासून रात्रीही हेच. पलंगावर चादर घातलेली, उशी थापटून ठेवलेली, आणि अण्णा खुर्चीत. सकाळी चादरीला एक सुरकुती नसे. तरी मी ती रोज झटकून पुन्हा घालायचे. न आलेल्या पाहुण्यांच्या कपबशा विसळाव्यात, तसं काहीतरी.

तीन वर्षांनी एका संध्याकाळी ते म्हणाले, ‘‘मी मिरजेला जातो.’’ तक्रार काही नव्हती. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘इथे रात्री गाडी जात नाही.’’ कोथरूडच्या रस्त्यावरून रात्री जात नाही अशी गाडी अजून कुणी बनवलेली नाही. पण अण्णांच्या कोशात गाडी म्हणजे आगगाडी, बाकीची सगळी वाहनं. ते येताना एक बॅग घेऊन आले होते. इथे आल्यावर पेन्शनच्या पैशांतून त्यांनी एकच खरेदी केली, हा टीव्ही. लेकीच्या घरी राहायचं तर तिच्या रिमोटवर हक्क सांगायचा नाही, हा त्यामागचा विचार. तेव्हा परतीचं सामान ठरून गेलं : बॅग आणि टीव्ही. वेताची खुर्ची माझी होती. ती त्यांनी मागितली नाही आणि मीही, का कोण जाणे, दिली नाही.

सामान हलवणाऱ्या एका कंपनीचा मुलगा पाहणीला आला. हातातल्या पाटीवर बोट सरकवत त्यानं विचारलं, ‘‘काय काय आहे?’’ मी म्हणाले, ‘‘एक बॅग, एक टीव्ही आणि एक वडील.’’ तो हसला नाही. त्याच्या यादीत यांपैकी एकाच गोष्टीला रकाना होता. ‘‘ओरिजिनल बॉक्स आहे का?’’ असं त्यानं विचारलं, आणि मी खिडकीबाहेर बघू लागले. कारण ते खोकं मी महिन्याभरातच रद्दीवाल्याला देऊन टाकलं होतं. अण्णा तेव्हा म्हणाले होते, ‘‘राहू दे गं, लागेल.’’ मी म्हणाले होते, ‘‘अण्णा, या घरात माणसांना जागा नाही.’’ वाक्य बाहेर पडल्यावर कळलं की ते एखाद्या उत्तम वेष्टनाशिवाय पाठवायला नको होतं.

मुलानं ठेवलेला करार अण्णांनी भिंग लावून वाचला. बारीक अक्षरांत शेवटी होतं की काच, पडदा आणि तत्सम वस्तूंच्या नुकसानीला कंपनी जबाबदार राहणार नाही. ‘‘हे ओनर्स रिस्क आहे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘सरळ लिहायला काय झालं यांना?’’ अण्णांनी 36 वर्षं मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात काढली. रेल्वेत पार्सल दोन दरांनी जायचं. जास्तीचे पैसे भरले तर ‘रेल्वे रिस्क’, म्हणजे मोडतोड झाली तर रेल्वेनं उत्तर द्यायचं. कमी भरले तर ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे माल तुमचा आणि नशीबही तुमचंच. आमच्या घरात हे शब्द पाढ्यांसारखे रुळलेले. मी कॉलेजला पुण्याला निघाले तेव्हा आईनं विचारलं, ‘‘नीट राहील ना हो पोर?’’ तर फलाटावर अण्णा म्हणाले होते, ‘‘रेल्वे रिस्कवर बुक केलीय.’’ आता त्यांनी करार त्या मुलाला परत दिला, त्याला चहा पाजला आणि जाहीर केलं की मालाची व्यवस्था आम्ही करू.

या जाहीरनाम्यामागे पूर्वपुण्याई होती. एके काळी मिरजेत तिन्ही मापांचे रूळ येऊन भेटत : पुण्याकडून ब्रॉडगेज, लोंढ्याकडून मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून बार्शी लाइटची ती चिमुकली नॅरोगेज. गेज बदललं की माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचा. त्यामुळे अण्णांचं ठाम मत असं की माल प्रवासात फुटतच नाही. तो फुटतो उतरवताना आणि चढवताना. त्यांच्या हाताखालून द्राक्षं गेली, हळद गेली, आणि मिरजेतून जाणारं सर्वांत अवघड पार्सल, म्हणजे तंबोरे गेले. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा अण्णांना ते स्वतःच्या बढतीसारखंच वाटलं होतं. मंगळवेढ्याकडच्या वाळलेल्या भोपळ्याचं ते वाद्य. वरून भारदस्त, आतून पोकळ, धक्का लागला तर अंड्यासारखं. ते नुसतं पेंढ्यात बसवून भागत नसे. कारागीर आधी तारा सैल करत. ‘‘ताण उतरवून पाठवायचं,’’ अण्णा सांगत. ‘‘ताणलेलं वाद्य आपल्याआपणच तडकतं. हमालाच्या नावानं उगीच शंख.’’

टीव्हीला तारा नव्हत्या. तेव्हा अण्णांनी त्याचा आतून अभ्यास करायचं ठरवलं आणि माझ्या मुलाला कामाला लावलं. मुलानं सांगितलं ते असं. या पडद्यात काचेचे दोन पत्रे असतात, एकेक जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होईल एवढा. मधल्या फटीत द्रवस्फटिक नावाचा एक पदार्थ. पाठीमागे दिवे. चार फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच एवढी ती काच फक्त कडांनी धरलेली असते, मधे टेकू नसतो. उभी असली की तिचं वजन तिच्याच कडेवर, भिंतीसारखं, सरळ खाली उतरतं. आडवी केली की तीच काच सैल विणलेल्या बाजेसारखी मधे झोळते, आणि मग रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्या बाजेवर बसून उठतो. पहिल्यांदा काही दिसतही नाही. घरी जाऊन टीव्ही सुरू केला की एका कोपऱ्यातून कोळ्याचं जाळं उमलतं. ‘‘म्हणून आडवा न्यायचा नाही,’’ मुलगा म्हणाला, ‘‘कधीच.’’ अण्णांनी मान हलवली. एवढ्यात त्यांना कुणाचं बोलणं एवढं मनापासून पटलेलं मी पाहिलं नव्हतं.

द्रवस्फटिकाची कथा तर त्यांना फारच आवडली. 1888 साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनित्सर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासून केलेला एक पदार्थ त्यानं तापवला तर तो दोनदा वितळला : 145.5 अंशांना गढूळ द्रव झाला आणि 178.5 अंशांना एकदम नितळ. मधल्या अवस्थेत तो पाण्यासारखा वाहता होता आणि स्फटिकासारखा शिस्तीतही. धड हा नाही, धड तो नाही. ‘‘म्हणजे तीन वर्षं आपण गाजर बघतोय,’’ अण्णा म्हणाले. मला मात्र त्या मधल्या अवस्थेचं नवल वाटत राहिलं. लेकीच्या घरी राहणारा बाप ना पाहुणा असतो ना यजमान. तापमान जरा इकडेतिकडे झालं की गढूळ होतो, मग आपोआप निवळतो. पण हे मी बोलले नाही. अण्णा म्हणाले असते, ‘‘गाजरं स्वस्त झालीत का बघ, हलवा करू.’’

खोकं शोधायला मी चार दुकानं हिंडले. चौथ्या दुकानदारानं मागच्या बोळातून एक खोकं काढून दिलं, पण ते 65 इंची टीव्हीचं. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याला. अण्णांनी ते हॉलच्या मधोमध उभं केलं आणि त्यावरची चित्रं पोथी वाचावी तशी वाचली. उभा पेला : आत काच आहे. छत्री : भिजवू नका. दोन बाण, खाली आडवी रेघ : ही बाजू वर. हीच चित्रं त्यांनी हमालांना शिकवली होती आणि हमालांनी ती कधीच मानली नव्हती. ‘‘पेला बघून त्यांना तहान लागायची फक्त,’’ ते म्हणाले.

मग मालाची तपासणी झाली. बांधण्याआधी टीव्ही चालू करून पडद्याचा फोटो काढायचा, म्हणजे तो कोणत्या स्थितीत निघाला याचा पुरावा राहतो. त्या क्षणी जो निवेदक बोलत होता तो तोंडाचा मोठा ‘आ’ केलेल्या अवस्थेत पुरावा झाला. तारा काढल्या, गुंडाळल्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावली. दोन्ही पाय सोडवले. चार स्क्रू अण्णांनी काड्यापेटीत घातले, काड्यापेटीवर ‘टी.व्ही. पाय, नग 4’ असं लिहिलं आणि ती स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. रिमोट मात्र त्यांनी कुठल्याच खोक्यात घालू दिला नाही. तो ‘हातसामान’ होता.

बुडबुड्यांचं प्लास्टिक थेट पडद्याला लावायचं नाही, असं मुलानं बजावलं होतं. पट्टे करकचून आवळले की ते बुडबुडे काचेवर ठिपक्याठिपक्यांनी दाब देतात. (हे प्लास्टिक मुळात भिंतीवर लावायचा कागद म्हणून जन्माला आलं होतं, 1957 साली न्यू जर्सीत. भिंतींना ते नको झालं. मग ते संगणकांच्या वेष्टनात शिरलं आणि जगभर पोचलं. नापास झालेल्या पोरानं पुढे नाव काढावं तसं.) तर आधी मऊ सुती काहीतरी हवं होतं. मी जुनी चादर आणली. अण्णांनी ती चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, ‘‘तुझ्याकडे हिची गोधडी होती ना?’’

होती. माझ्या बाळंतपणात आईनं शिवून पाठवलेली, तिच्या जुन्या लुगड्यांची. माळ्यावरून ती काढली तेव्हा तिला कापराचा वास येत होता आणि तिच्यावरचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे अजून सरळ चालले होते. मी ती टीव्हीवर टाकणार तेवढ्यात अण्णांनी हात आडवा घातला. ‘‘थांब. तिला सुई विसरायची सवय होती.’’ त्यांनी गोधडी पलंगावर, त्या सुरकुती नसलेल्या चादरीवर, अंथरली आणि चष्मा काढून ठेवून ते बोटांनी ती वाचू लागले. एका कडेनं सुरुवात, तळहात पालथा, बोटं किंचित फाकलेली. वीत वीत पुढे. हिरवं लुगडं झालं, जांभळं झालं, माझ्या लग्नातल्या इरकलीचा तुकडा झाला. मुलगा घड्याळाकडे बघत होता. मला वाटलं, हे आता सुई शोधत नसावेत. आणि चौथ्या कडेपाशी बोटं थांबली. दुमडलेल्या काठाच्या आत, टाक्यांना समांतर, गंजून काळी पडलेली सुई, आणि तिच्यात अजून चार बोटं पांढरा दोरा. अण्णांनी ती नखानं पुढे ढकलत ढकलत बाहेर काढली. ‘‘दोन दिवस शोधत होती,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्यावर आळ आला होता.’’ मग त्यांनी ती रेल्वेच्या पासाच्या पाकिटात नीट टोचून ठेवली, आणि दोरा भोवती गुंडाळला. काचेवर ती सुई दाबली गेली असती तर काय झालं असतं, हे आमच्यापैकी कुणालाच सांगावं लागलं नाही.

गोधडीत गुंडाळलेला टीव्ही उचलायची वेळ आली तेव्हा मला आठवला तो आमचा पहिला. 1987च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं आणि तोवर शेजाऱ्यांच्या खिडकीवर भागणारं आमचं कुटुंब एकाएकी स्वाभिमानी झालं. सांगलीच्या दुकानातून रिक्षानं तो आणला. 20 इंची, कृष्णधवल, लाकडी पेटीतला, पुढे सरकत्या झडपांचा. झडपांना कुलूप होतं. ते परीक्षेच्या काळात लागे. वजनाला तो धान्याच्या पोत्यासारखा. पण पोत्याचं वजन सगळीकडे सारखं असतं, याचं सगळं पुढे. आत निर्वात पोकळी, म्हणून समोरची काच जाडजूड करावी लागे. तोंड जड आणि पाठ हलकी. दुकानदारानं त्याचं धरणं शिकवलं होतं : ‘‘काच आपल्या छातीकडे. कवळ घालून उचलायचा.’’ रिक्षातून उतरल्यावर अण्णांनी तो तसाच उचलला. दोन्ही हातांची कवळ, गाल पेटीला टेकलेला, डोळ्यांसमोर काहीच दिसत नाही आणि आई पुढे उलटी चालत, ‘‘पायरी, पायरी, आता उंबरा,’’ म्हणत. एवढ्या उघडपणे मिठी मारून नेलेली वस्तू मी आमच्या घरात दुसरी पाहिली नाही. त्या काळी माणसांनाही तसं कुणी भेटत नसे.

या नव्याला मिठी मारता येत नाही. ती मारली की संपलं. त्याला दोघांनी धरायचं, दोन टोकांना, एक हात खालच्या कडेला आणि एक बाजूच्या. बोटं पडद्यावर येऊ द्यायची नाहीत, दाबायचं नाही, पिळवटायचं नाही. वजन फार नाही, पंधराएक किलो. धाक मात्र पोत्याहून जास्त. अण्णांनाही मी हल्ली असंच धरते. कोपराला बोटं टेकवून, धरल्यासारखं दिसणार नाही पण निसटणारही नाहीत असं. मणक्याच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय : धक्का नको, वाकणं नको, पाठ ताठ. त्या दिवशी खोक्याच्या एका टोकाला मी होते, दुसऱ्या टोकाला नवरा, आणि अण्णा खोक्याच्या बाजूनं एक तळवा त्याला टेकवून चालत होते. त्या तळव्यावर वजन काहीच नव्हतं. तरी जिन्याच्या वळणावर त्यांनी तो जरा काढला तर खोकं मला जड झाल्यासारखं वाटलं.

खाली छोटा हत्ती उभा होता. चालक पंचविशीचा, कानात भिकबाळी. त्यानं खोक्याकडे पाहिलं, अण्णांच्या सूचना ऐकल्या : उभाच, केबिनच्या पाठीला टेकून, पडद्याची बाजू गादीकडे, दुसऱ्या बाजूलाही गादी, दोरी कडांवरून, पोटावरून नाही, आणि वर एक पिशवीसुद्धा ठेवायची नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, ‘‘काका, दर वर्षी पेणहून गणपती आणतो मी. याला सोंड तरी नाही.’’

अण्णा त्या क्षणी त्याचे झाले. आमच्या मोटारीत पुढच्या सीटवर त्यांच्या पाठीसाठी मी दोन उशा, एक लोड आणि मानेला गुंडाळी अशी जय्यत तयारी केली होती. ‘‘माल जिथे, तिथे माणूस पाहिजे,’’ असं म्हणून ते केबिनमध्ये चढून बसले. मी वाद घातला, डॉक्टरांचं नाव घेतलं, शेवटी रडकुंडीलाही आले. त्यांनी काच खाली करून सांगितलं, ‘‘ओनर्स रिस्क.’’

पुणे ते मिरज साधारण 235 किलोमीटर. एरवी चार-साडेचार तासांचा रस्ता. त्या दिवशी आम्ही तो सात तासांत पार केला, छोट्या हत्तीच्या मागे मागे, निळ्या ताडपत्रीवर नजर लावून, जणू पुढे पालखी आहे. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत आम्हाला ओलांडून जात. खंबाटकीच्या वळणावर ती ताडपत्री जराशी कलली आणि मोटारीतले आम्ही तिघेही उलट्या बाजूला कललो. गतिरोधक आला की पुढचा पोरगा आधी हात बाहेर काढून आम्हाला खूण करी, मग गाडी पुढच्या चाकांनी हळूच चढवी, थांबे, आणि मागची चाकं उतरवी. मांजर तोंडात पिल्लू धरून भिंतीवरून उतरतं तशी. पुढच्या सीटवर लोड एकटा बसला होता. मुलगा मागे आडवातिडवा झोपला होता, हात एकीकडे, मान दुसरीकडे, काहीही न मोडता. बारा वर्षांच्या माणसाला वेष्टन लागत नाही.

कऱ्हाडजवळ चहाला थांबलो. अण्णा उतरले नाहीत. मी पेला घेऊन गेले. ‘‘पाठ कशी आहे?’’ ‘‘उभी आहे,’’ ते म्हणाले, आणि चहा घेता घेता डावा हात मागे नेऊन केबिनच्या पत्र्यावर दोनदा थोपटलं. पलीकडे टीव्ही होता. चालकानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, ‘‘ताई, काका सातारा येईपर्यंत तंबोऱ्याचंच सांगत होते. मला एक कळलं नाही. तारा सैल केल्यावर तो वाजतो कसा?’’ मी म्हणाले, ‘‘पोचल्यावर परत लावतात.’’ ‘‘हां,’’ तो म्हणाला, ‘‘मग ठीकाय.’’

पेठ नाक्याला हायवे सोडला. पुढच्या रस्त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. सांगली-मिरजेच्या वाचकांना तो पाठ आहे आणि बाकीच्यांना खरा वाटणार नाही.

मिरजेत घरापाशी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजारचे दोघे मदतीला आले. खोकं उतरवताना अण्णांचा आवाज एकाएकी पार्सल ऑफिसातला झाला : ‘‘तिरपं नको! उंबरा आहे. आधी पाय, मग माल.’’ आतल्या खोलीतल्या लाकडी पेटाऱ्यावर जागा केली. डिसेंबरची थंडी, आणि खोलीत तीन वर्षांची बंद हवा. ‘‘लगेच लावायचा नाही, त्याला जरा बसू दे,’’ असं म्हणून अण्णांनी टीव्हीला तासभर विसावा दिला. तेवढ्यात मी पिठलं-भात टाकला. मग खिशातून काड्यापेटी निघाली. ‘नग 4’ मोजून घेतले. पाय बसले, तारा जोडल्या, हातसामानातून रिमोट आला. पडदा उजळला. आम्ही चारही कोपरे पाहिले. कुठे जाळं नाही, रेघ नाही, ठिपका नाही. तोच निवेदक होता, आणि त्यानं बरोबर तसाच ‘आ’ केला. मुलानं सकाळचा फोटो शेजारी धरला. अण्णांनी दोन्ही बघून घेतले आणि म्हणाले, ‘‘माल जसा बुक केला तसा पोचला. सही करून घ्या.’’

जेवणं झाल्यावर मी खोकं मोडायला घेतलं तर ते म्हणाले, ‘‘असू दे.’’ बुडबुड्यांचं प्लास्टिक त्यांनी घडी करून आत ठेवलं. त्यावर गोधडी, तिचीही चौकोनी घडी. खोक्यावर जाड पेनानं लिहिलं : ‘55 इंची. खोके मोठे आहे. कडेला भर घालणे.’ ‘‘माळ्यावर टाका. पुढच्या वेळी तुम्हाला शोधाशोध नको.’’ पुढच्या वेळी म्हणजे कधी, कुठे आणि कुणी, हे मी विचारलं नाही. मी स्टूल आणलं. पण माळ्याचं दार दोन इंचांनी लहान पडलं, आणि ते खोकं आडवं करायला अण्णांची काही तयारी होईना. शेवटी ते त्यांच्या खोलीत, कपाटाच्या मागे उभं राहिलं. बाण वर.

आम्ही बाहेरच्या खोलीत अंथरुणं घातली. आत टीव्ही चालू होता. बराच वेळ माणसं ओरडत होती. मग मला झोप लागली. पहाटे कधीतरी मालगाडी गेली. लांबलचक, डबे मोजता मोजता संपू नयेत अशी, आणि खिडकीचं तावदान बारीक थरथरत राहिलं. ती गेल्यावर घर इतकं शांत झालं की मी दचकून उठून बसले. टीव्हीचा आवाज येत नव्हता. अण्णांनी ‘‘बघतोय मी’’ म्हटल्याचंही ऐकू आलं नव्हतं. मी उठले, दाराशी गेले. पडदा काळा. त्याच्यासमोर खुर्ची नव्हतीच. ती तर पुण्याला राहिली. कपाटामागचं खोकं उघडं होतं, वरच्या दोन्ही पाकळ्या फाकलेल्या, आत फक्त प्लास्टिक. आणि पलंगावर, गळ्यापर्यंत गोधडी ओढून, अण्णा आडवे. अगदी आडवे, एक पाय बाहेर, तोंडाचा त्या निवेदकासारखाच ‘आ’ केलेला, आणि घोरत.